मेलेल्यासमोर खोटं बोलू न्हाई

आमच्या औशातली म्हातारी माणसं देवापाशी एकच मागणं मागतात, असं माझे वडील म्हणायचे: देवा, हिच्याआधी नेऊ नको. ही म्हणजे माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिला जळकोटला दिलेलं होतं, पण औशात कोणी गेलं की ती हमखास रडायला यायची. आणि रडता रडता मेलेल्या माणसाबद्दल सगळं खरं सांगून टाकायची.

आमच्याकडे बायका मयतीला नुसत्या मुळूमुळू रडत नाहीत. हेल काढून, मेलेल्या माणसाला हाक मारून, त्याचे गुण सांगत रडतात. त्यात आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, पुरतात, आणि न्यायच्या आधी भिंतीला टेकवून, मांडी घालून, कपाळाला विभूती फासून, हार घालून बसवतात. त्यामुळे रडणारीला समोरासमोर बसून बोलता येतं. बाकीच्या बायका अशा वेळी "देवमाणूस गेला गं" एवढ्यावर भागवतात. आत्याला ते जमत नसे.

गल्लीतला दूधवाला गेला तेव्हाची गोष्ट. आत्या त्याच्यासमोर बसली, पदर डोक्यावर ओढला आणि सूर लावला, "आरं माझ्या भावा, आता आमच्या दुधात पाणी कोण घालील रं! जिंदगीभर एका मापानं घातलंस रं! कधी कमी न्हाई, कधी जास्त न्हाई रं! पावण्यारावळ्याचं दूध म्हणलं की तेवढं बिगर पाण्याचं दिलंस रं!"

बायकांनी पदर तोंडात कोंबले. दूधवाल्याच्या बायकोचे खांदे हलायला लागले, आणि ती हसतेय की रडतेय ते कळेना. मग ती एकदम फुटली आणि अशी रडली की बाहेर ओट्यावर बसलेले पुरुषही डोळे पुसायला लागले. तोवर सकाळपासून त्या घरात नुसताच गोंगाट चालला होता. आत्या बोलली आणि सगळ्यांना आठवलं की कोण गेलंय ते.

एरवी माझ्या आत्याइतकी गोडबोली बाई मराठवाड्यात शोधून सापडली नसती. जिवंत माणसाबद्दल तिच्या तोंडून वाकडा शब्द निघायचा नाही. लग्नाला गेली की नवरी कशीही असो, "लक्ष्मी हाय, लक्ष्मी!" बारशाला गेली की पाळण्यात कसलंही लेकरू असो, "चंद्राचा तुकडा!" माझ्या भावाचं एक पोरगं जन्मलं तेव्हा चंद्रच काय, साधी रॉकेलची चिमणीसुद्धा त्याला बघून लाजली नसती. आत्यानं त्यालाही चंद्राचा तुकडा करून टाकलं. आणि कोणी आजारी असलं की ती उशाशी बसून इतकी तारीफ करायची की पेशंटच घाबरून जायचा. एका म्हाताऱ्या मास्तरांच्या बायकोनं तर तिला दारातच हात जोडले, "आक्का, तुम्ही इतक्यात येऊ नका. ते बरे व्हायलेत."

लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आत्या, तू जिवंत माणसाशी खोटं बोलतेस आणि मेलेल्याशी खरं. असं कामून?"

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "जित्याला खरं सोसत न्हाई बाई. अन् मेलेल्याला खोटं काय कामाचं? त्याला उलटून बोलता येतंय का? जे माणूस गप बसून ऐकून घेतंय, त्याच्यासंगं लबाडी करू न्हाई."

तिचे रडण्याचे कायदे होते आणि ते ती कडक पाळायची. उपाशी रडायचं नाही, चक्कर येते. म्हणून निरोप आला की आधी जेवायची, मग एसटीत बसायची. जळकोट, उदगीर, लातूर, औसा असा सगळा रस्ता शेंगा खात, कंडक्टरला "बाबा, तुझ्यासारखा गुणी पोरगा बघितला न्हाई" म्हणत, शेजारणीच्या सुनेची चौकशी करत यायची. औशाच्या स्टँडवर चहा प्यायची. एकदा मी तिच्याबरोबर होते. मला वाटलं, हिला काही दुःखबिख झालंय की नाही? पण गल्लीच्या तोंडाशी आलो आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. अगदी खरं पाणी. मी बघतच राहिले. "इतका येळ दाबून धरलं व्हतं गं," ती म्हणाली, "गाडीत रडले असते तं इथं काय उरलं असतं?"

कोरोनात गाड्या बंद झाल्या, तेव्हा ती सगळ्यात जास्त परेशान झाली. माझी एक चुलत काकू त्या दिवसांत वारली. आत्याचा फोन आला, "फोन तिच्या कानापाशी धर." माझ्या भावानं धरला. आत्या जळकोटातून रडायला लागली. काकू लोणच्याच्या बरण्या मोजून ठेवायची इथपासून ते तिनं आत्याची एक पैठणी नेसून हळदीचा डाग पाडला, वर "तशीच व्हती की" म्हणाली, इथपर्यंत आली, आणि रेंज गेली. सगळे थांबले. काकू भिंतीला टेकून बसलेली, मोबाइल तिच्या कानाला. परत रिंग वाजली. आत्या म्हणाली, "कुठपत्तर आले व्हते?"

"डागापर्यंत," भाऊ म्हणाला.

"हां," असं म्हणून ती पुढे रडली.

ती स्वतः गेली तेव्हा मात्र पंचाईत झाली. बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या. सुरुवात कोण करणार? हिच्यासमोर खोटं कोण बोलणार, आणि खरं बोलण्याइतकं धाडस कोणात होतं? शेवटी दारातून कोणीतरी हुंदका दिला, "आक्का गं, आता आमच्या नकट्या पोरींना लक्ष्मी कोण म्हणील गं!" आणि मग सगळं घर हसलं, मग रडलं.

पण मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं. नांदेडला मी कॉलेजात शिकवते. काही वर्षांपूर्वी मी एक कादंबरी लिहायला घेतली, आमच्या घराण्याची. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं, आत्मचरित्रात्मक आहे का, की मी सांगायची, आत्याचरित्रात्मक आहे. कारण आमच्या घराण्याचा इतिहास म्हणजे आत्याची रडणी. दुसरं काही आमच्याकडे नव्हतंच. कोण कंजूष होतं, कोणी कोणाचं शेत बळकावलं, कोणती सासू चोरून गूळ खायची, सगळं तिनं कोणाच्या ना कोणाच्या प्रेतासमोर सांगितलेलं. आणि ती प्रेतासमोर खोटं बोलत नसल्यामुळे ते सगळं खरं. आमच्या घरात वाद झाला की "आक्का तसं रडली व्हती" म्हटलं की वाद मिटायचा.

हस्तलिखित पुण्याला गेलं. तिथल्या संपादकबाईंचा फोन आला. म्हणाल्या, "विनोद छान आहे हो, पण ती रडण्याची प्रकरणं जरा अतिशयोक्त वाटतात. असं कुठं कोणी रडतं का? पण ते आजोबांचं प्रकरण! काय अस्सल आहे! तिथं खरं आयुष्य दिसतं."

आजोबांचं प्रकरण म्हणजे आमच्या घराण्याचा मानाचा तुरा. स्वातंत्र्याच्या सुमाराला, धामधुमीच्या काळात, आजोबांचं घर आणि दुकान औशाजवळच्या एका खेड्यात होतं. तिथं दरोडा आला. आजोबा एकटे कुऱ्हाड घेऊन दारात उभे राहिले आणि म्हणाले, "आत यायचं तर माझ्या मढ्यावरून या." दरोडेखोर परत गेले. हे सगळं आत्या आजोबांच्या मयतीला रडली होती. मी तेव्हा चौथीत होते, मला पाठ आहे. त्या दिवसापासून माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणतो, ही गोष्ट प्रत्येक लग्नात, प्रत्येक पाहुण्याला सांगत आले. औशाच्या दुकानात गल्ल्याच्या वर ती कुऱ्हाड टांगलेली. दसऱ्याला तराजूच्या आधी तिची पूजा. अप्पा स्वतः तसे भित्रे. पण गिऱ्हाईक अंगावर आलं की एकदा कुऱ्हाडीकडे बघायचे आणि आवाज चढवायचे. "मी कोणाचं पोरगं हाय, म्हाईत हाय का?" हे त्यांचं पेटंट वाक्य.

छपाईला जायच्या आधी कादंबरी आत्याला वाचून दाखवावी म्हणून मी जळकोटला गेले. आत्याला तोवर नीट दिसत नव्हतं. ती पडवीत शेंगा फोडत बसली आणि मी वाचायला लागले. दूधवाला आला, ती खदाखदा हसली. "ह्ये मी म्हणले व्हते? लई चांगलं म्हणले व्हते की!" स्वतःच्या सासूचं आलं, तिनं मान डोलावली, "आजून एक राहिलं, ती घोरायची बी." असं दोन दिवस चाललं. मग आजोबांचं प्रकरण आलं. मी रंगात येऊन वाचलं. वाचून झालं तेव्हा शेंगा फोडणं थांबलं होतं.

"ह्ये पान काढ," ती म्हणाली.

"अगं, का? तूच तर अशी रडली होतीस."

"म्हणून तं म्हणते. खोटं रडले व्हते मी."

आमच्या घरात देव खोटा निघाला असता तर इतकं काही वाटलं नसतं.

"सगळ्या जिंदगीत एकदा," ती म्हणाली. "अन् ते बी बापासमोर. अण्णा दारात उभे न्हवते बाई. दारात अव्वा उभी व्हती."

अव्वा म्हणजे तिची आई, माझी आजी. अण्णा म्हणजे आजोबा.

मग तिनं सांगितलं. आजोबांना मांडी घालून बसवलं होतं. आत्यानं पदर ओढला, खरं सांगायला तोंड उघडलं, आणि शेजारी बसलेल्या अव्वानं तिचं मनगट दाबलं. कानाशी लागून म्हणाली, "त्येला दारात उभा कर. बाबूला दुकान चालवायचंय." बाबू म्हणजे माझे अप्पा. नुकताच धंदा हातात आलेला, बाजारात कोणीही दमदाटी करून जायचं. आत्यानं आईचं ऐकलं. आजोबांना दारात उभं केलं, वर हातात कुऱ्हाड दिली.

"अन् अव्वा गेली तवा?" मी विचारलं.

"तवा काय? ती गूळ चोरून खायची ते रडले, ती नातवाला मारायची ते रडले. दारापाशी आले अन् हेल अडकला. ते सांगावं तं अण्णा उघडे पडतेत, बाबू उघडा पडतो. आईचं सगळ्यात मोठं काम, अन् तेवढंच रडले न्हाई मी." तिनं डोळे पुसले नाहीत, नाक पुसलं. "रडणं वाऱ्यावर जातं बाई. पुस्तक न्हाई जात. ह्ये छापलंस तं माझी लबाडी कायमची झाली."

"मग मी खरं लिहू?"

"बाबूला न सांगता? त्येचं काळीज फाटंल. पुना तोंड बघायचा न्हाई तुझं, अन् माझं बी." तिनं पदरातली टरफलं झटकली. मग म्हणाली, "मला औशाला घेऊन चल. अण्णांना परत रडायचंय."

मला हसावं की काय करावं कळेना. आजोबांना जाऊन किती काळ लोटलेला! पण तिचा हिशेब सरळ होता. बापासमोर खोटं बोललो, तर बापासमोरच खरं बोलायचं. बाप तर अजून तिथंच बसलाय.

खरंच बसलाय. गावाबाहेर आमची रुद्रभूमी आहे, तिथं आजोबांची आणि अव्वाची समाधी शेजारी शेजारी. आत्यानं अप्पांना फोन करून एवढंच सांगितलं, "अण्णांना नारळ फोडायचाय, सकाळी ये." आम्ही कारनं निघालो. ती निघायच्या आधी जेवली, वाटेत शेंगा खाल्ल्या, ड्रायव्हरला गुणी म्हणाली. मी मात्र पार बेजार. एकीकडे माझी कादंबरी, दुसरीकडे माझा बाप. अप्पांचं वय झालेलं, मागच्याच वर्षी छातीत कळ येऊन लातूरला दवाखान्यात राहून आलेले. आणि ही बाई त्यांच्या बापाला पेवात बसवायला निघालेली.

आत्यानं मला सांगितलेलं ते पेवाचं इथं सांगायचं राहिलंच. पेव म्हणजे अंगणात जमिनीखाली खणलेलं ज्वारीचं कोठार, माणूस उतरेल एवढ्या तोंडाचं.

अप्पा स्कूटरवरून आले, पिशवीत नारळ, विभूती आणि फुलं. आत्या आजोबांच्या समाधीसमोर बसली, पदर ओढला. अप्पा म्हणाले, "अगं, आता कशाला? लोक काय म्हणतेल?"

"गप बस. मधी बोलू नको."

आणि ती रडायला लागली. आवाज थकला होता, पण हेल तोच. "अण्णा रं, मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले रं! तुम्ही दारात न्हवता रं अण्णा! पेव उघडं व्हतं, तुम्ही पेवात उतरलात रं! मला काखंत मारून उतरलात रं! जवारीत कमरंपत्तर बसलात रं! तुमच्या हातात कुऱ्हाड न्हवती रं, दुकानातली ती बाबूच्या लग्नात लाकडं फोडायला आणली व्हती रं!"

अप्पा उभेच राहिले. नारळ हातात. चेहरा लालबुंद.

"तू बघायला व्हतीस का?" ते ओरडले. "सात वर्साची पोर तू! तुला काय कळत व्हतं?"

आत्यानं पदर मागे सारला. साध्या आवाजात म्हणाली, "मी पेवात व्हते बाबू. अण्णांच्या मांडीवर. त्यांचा हात माझ्या तोंडावर व्हता, अन् त्यो थरथर कापायलता."

अप्पांनी समाधीच्या कठड्याला हात टेकला. मी पुढे झाले तर त्यांनी मला हातानंच थांबवलं.

"अन् मी कुठं व्हतो?" त्यांनी विचारलं.

"तू अव्वाच्या कडेवर. दारात."

बाजूच्या बाभळीखाली दोन शेळ्या चरत होत्या. अप्पा खाली बसले, अगदी धपकन.

"काय म्हणली ती त्यांना?"

"म्हणली, मालक घरी न्हाईत. गुळाची ढेप ती पडली, न्यायची तं न्या. पण बोंबलू नका, लेकरू आत्ता झोपलंय."

"अन् गेले?"

"ढेप घेऊन गेले."

"मग अण्णांना काय म्हणली?"

"पेवाच्या तोंडाशी आली, वाकून म्हणली, गेले ते. वर या. जवारी तुडवू नका."

अप्पांच्या तोंडून आधी नुसता श्वास निघाला, मग ते हसायला लागले. "जवारी तुडवू नका!" ते म्हणाले. "अव्वाच ती! दुसरी कोण म्हणील?" पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी आलं, मीही हसले, आत्याही हसली. आजोबांवर त्यांना राग आला होता की नाही, मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी नारळ फोडला तो मात्र आजोबांसमोर, आणि त्यांच्या समाधीवरून हलकेच हात फिरवला. म्हणाले, "पोरीला घेऊन उतरले ना. एकटे तं न्हाई उतरले."

मग माझ्याकडे वळले. "ह्ये लिहिणार हायस का?"

"तुम्ही नाही म्हणालात तर नाही लिहिणार."

दुकान, कुऱ्हाड, इतक्या वर्षांची ती एकच गोष्ट, सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना मला दिसत होतं.

"लिही," ते म्हणाले. "अव्वाचं नाव मोठ्या अक्षरात लिही."

मग ते शेजारच्या समाधीकडे वळले. अव्वाच्या. "आक्का, हिला ह्ये कोणी रडलं का गं?"

"न्हाई."

"मग रड की आता."

आत्या सरकत सरकत तिकडे गेली. पदर ओढला. तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. आजोबांवरच सगळा संपला होता. तिनं दोनदा खाकरून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. मला कुठलं येतंय? आमच्या पिढीला व्हॉट्सॲपवर हात जोडायला येतात.

आमच्याकडे पुरुष हेल काढून रडत नाहीत. बाहेर ओट्यावर बसतात, तंबाखू मळतात, किती वाजता उचलायचं ते ठरवतात. अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, आईच्या समाधीसमोर मांडी घालून बसले, आणि भरदिवसा, रस्त्यावरून जाणारा ट्रॅक्टरवाला थांबून बघत असताना, तोंड उघडून बाईमाणसासारखा सूर लावला.

"अव्वा गंऽऽ, दारात तू उभी व्हतीस गंऽऽ! मी तुझ्या कडेवर झोपलो व्हतो गंऽऽ! अन् जिंदगीभर म्या दुसऱ्याचंच सांगत बसलो गंऽऽ!"

आवाज चिरकला, सूर कुठल्या कुठे गेला. आत्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"हेल चुकला रं तुझा," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तू रड."